माणसाचा आजार, उंदराचं अंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याआधी तीनेक वर्षं पुण्याकडच्या एका संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये काढली. पिंजरे धुण्यापासून उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढण्यापर्यंत सगळी कामं केली. पुढे शाळा-कॉलेजांत, बचत गटांत, एकदा तर पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत या विषयावर बोलायला गेले. लोकांनी जे विचारलं ते वहीत टिपून ठेवत गेले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ॲनिमल मॉडेल म्हणजे नेमकं काय?

नवरी मुंबईला नोकरीला, मुहूर्त आठ दिवसांवर आणि कपडे सोलापुरात शिवायचे. अशा वेळी धाकटी बहीण टेलरकडे जाते. खांदा दोघींचा सारखा, म्हणून ब्लाउजच्या खांद्याचं माप तिचं घेतलं तरी भागतं. दंडाचं चालेल का, ते फोन करून विचारावं लागतं. उंची मात्र मुळीच जुळत नाही. परकराचं माप तिचं घेतलं तर भर मांडवात फजिती.

ॲनिमल मॉडेल म्हणजे माप द्यायला गेलेली ही बहीण. माणसाला होणारा आजार, किंवा त्याच्या जवळपासचा आजार, प्राण्यात घडवून आणायचा. मग जंतू शरीरात कुठून शिरतो, कुठे दडून बसतो, लस किंवा औषध त्याला अडवतं का, हे पाहायचं. अख्खा माणूस कुठल्याच प्राण्यात सापडत नाही. त्यामुळे "सगळ्यात चांगलं मॉडेल कुठलं?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "माप कशाचं घ्यायचंय?"

उंदीरच का? शेळी, म्हैस का नाही?

हा प्रश्न करमाळ्याकडच्या एका शेतकऱ्याने विचारला होता, आणि "म्हैस तर दारातच हाय की" असं वर ऐकवलंही होतं.

पहिलं कारण सोयीचं आहे. पांढरा उंदीर २०-३० ग्रॅमचा. मादी तीन आठवड्यांत विते. हातभर पिंजऱ्यात चार-पाच मावतात. शंभरेक वर्षांपासून सख्ख्या नात्यात जोड्या लावून अशा जाती तयार केल्या आहेत की एका जातीतले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे असतात. 'सी५७ ब्लॅक ६' आणि 'बाल्ब सी' ही त्यातली नेहमीची नावं. एका गटाला लस दिली, दुसऱ्याला नाही, आणि फरक दिसला, तर तो लसीचाच, आई-बापाच्या गुणांचा नाही, असं म्हणता येतं. शिवाय उंदराचा एखादा जनुक काढून टाकता येतो किंवा माणसाचा जनुक त्यात बसवता येतो. म्हशीच्या बाबतीत हे सगळं अवघड, आणि जंतू दिलेली म्हैस ठेवायला जी बंदिस्त इमारत लागेल तिचा खर्च विचारूच नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: जंतूच ठरवतो कुठला प्राणी लागणार. बराचसा खटाटोप योग्य प्राणी शोधण्यातच जातो. इन्फ्लुएंझाच्या विषाणूसाठी १९३३ साली लंडनमध्ये फेरेट हा प्राणी उपयोगी पडला. दिसायला मुंगसाच्या चुलत भावासारखा, पण कूळ वेगळं. फ्लू झाला की तो माणसासारखाच शिंकतो. एक आजारी फेरेट विल्सन स्मिथ या शास्त्रज्ञाच्या तोंडावर शिंकला आणि साहेब स्वतः तापाने पडले.

कुष्ठरोगाची गोष्ट तर मी प्रत्येक वर्गात सांगते. त्याचा जंतू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर आजवर वाढलेला नाही. त्याला थंडावा आवडतो, म्हणून माणसातही तो नाक, कान, हात-पाय अशा गार भागांत रमतो. १९६० साली उंदराच्या तळपायात तो थोडाफार वाढवता आला, कारण तळपाय गार. पण दुप्पट व्हायलाच त्याला बारा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे एकेका प्रयोगाला सहा-सहा महिने जात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्याचं शरीरच ३२ ते ३५ अंशांवर असतं. १९७१ साली त्याच्यात कुष्ठरोगाचा जंतू भरपूर वाढला. उत्तर प्राण्याच्या बुद्धीत नव्हतं, माणसाशी असलेल्या नात्यातही नव्हतं. अंगाच्या तापमानात होतं.

गिनिपिग हा शब्द एवढा बदनाम का?

कारण एकेकाळी सगळं त्याच्यावरच चाले. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला तो गिनिपिगांच्या जिवावर. क्षयाच्या बाबतीत हा प्राणी इतका नाजूक आहे की मोजके जंतूही त्याला पुरतात. म्हणून रुग्णाच्या थुंकीत जंतू आहेत का हे ओळखायलाही पुढे कित्येक वर्षं गिनिपिगच वापरत. डुकराशी त्याचा काही संबंध नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्यासारखंच त्याच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही.

पण त्याचीही खोड आहे. पेनिसिलिन गिनिपिगला विषासारखं बाधतं. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या मंडळींनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. न दिलेले चारही रात्रीतून मेले, दिलेले तगले. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनिपिग असते, तर ते औषध बहुधा कपाटातच पडलं असतं. हे मी रंगवून सांगत नाही, या क्षेत्रातली माणसं ही गोष्ट अंगावर काटा आल्यासारखीच सांगतात.

टीबीचा अभ्यास मग उंदरावर नीट होतो का?

टीबीचा प्रश्न आला नाही असं माझं सोलापुरातलं एकही व्याख्यान झालेलं नाही. विडी वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तर पहिला प्रश्न हाच.

साध्या उंदराला टीबी होतो, पण माणसासारखा होत नाही. आपल्या फुफ्फुसात जंतूंभोवती पेशींची गाठ तयार होते, गाठीच्या मधला भाग कुजून पनीरसारखा होतो आणि पुढे तिथे पोकळी पडते. नेहमीच्या जातींच्या उंदरांत अशी कुजलेली गाठ होतच नाही. आता पाहा, औषधाला त्या कुजलेल्या भागात शिरताच येत नसेल, तर उंदराच्या फुफ्फुसात ही अडचण दिसणारच नाही, कारण तिथे तो भागच नाही. म्हणून काही ठिकाणी 'सी३एचईबी' नावाची उंदराची वेगळी जात वापरतात. तिच्यात गाठी कुजतात. गिनिपिग, ससे, माकडंही वापरतात. झेब्राफिशच्या पिल्लाचं अंग पारदर्शक असतं, म्हणून टीबीच्या जंतूचा एक माशांतला भाऊबंद तिच्यात सोडून गाठ कशी बनते हे जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

आणि एवढं करूनही फसगत होते. बीसीजी लस घ्या. काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, २३० वेळा नव्या खाद्यावर उतरवून नरम केला. ही लस दिलेले गिनिपिग टीबीला पुष्कळच चांगले टिकतात. लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासूनही ती वाचवते. पण १९६८ पासून तमिळनाडूत चेंगलपट्टूला अडीच लाखांहून जास्त लोकांवर तिची चाचणी झाली, तेव्हा मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीला तिचा उपयोग दिसला नाही. एक सांगितलं जाणारं कारण असं की आपल्याकडच्या माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर आहेत, आणि लस टोचण्याआधीच आपली त्यांच्याशी ओळख झालेली असते. ॲनिमल हाऊसमधल्या गिनिपिगने माती पाहिलेली नसते. २०१३ साली 'एमव्हीए८५ए' या नव्या लसीचंही असंच झालं. प्राण्यांत आशा दाखवली, दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांत काहीच नाही.

मग प्राण्यांचे प्रयोग फुकट गेले का? स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं खरंखुरं औषध. ते १९४४ साली गिनिपिगांनीच पुढे पाठवलं.

टायफॉइड आणि डेंगीचं काय? आमच्याकडे हेच दोन.

टायफॉइडचा जंतू फक्त माणसाचा. उंदराला तो पाजला तर उंदीर खुशाल फिरतो. मग संशोधक त्याच घराण्यातला दुसरा साल्मोनेला घेतात. माणसाला तो नुसती हगवण लावतो, पण उंदराला टायफॉइडसारखा ताप आणतो. म्हणजे इथे बहीणही नाही, शेजारीण पाठवलीय. बरंच कळलं त्यातून, पण लस खरंच चालते का हे ठरवायला शेवटी माणूसच लागला. ऑक्सफर्डमध्ये निरोगी स्वयंसेवकांनी समजून-उमजून, सही करून टायफॉइडचे जिवंत जंतू प्यायले. काहींना आधी लस दिली होती, काहींना नव्हती. आजार दिसला की लगेच औषध. २०१७ साली निकाल आला आणि हैदराबादला तयार झालेल्या टायफॉइडच्या नव्या लसीला त्याने मोठा आधार दिला. टायफॉइडला हमखास औषध आहे म्हणूनच हे करता आलं. रेबीजच्या बाबतीत असा विचारही कुणी करणार नाही.

डेंगीचा विषाणू साध्या उंदरात टिकत नाही. उंदराचं इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्धची पहिली आरोळी, त्याला पिटाळून लावतं. म्हणून ती आरोळी ऐकूच न येणारे उंदीर तयार केले. 'एजी१२९' हे त्यातलं एक नाव. हे उंदीर डेंगीने आजारी पडतात, औषधाची पहिली चाचणी त्यांच्यावर होते. पण बहिऱ्या केलेल्या शरीरात लसीची परीक्षा कितपत खरी, हा वाद आहेच. सोलापूरपुरतं म्हणाल तर काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी आणि झाकण नसलेली पिंपं यांचं उत्तर कुठल्याच उंदरापाशी नाही.

आपल्या देशात या पद्धतीने काही मोठं काम झालं का?

झालं, आणि ते आपल्या पुस्तकांत यावं तितकं येत नाही याची मला चीड आहे.

पंढरपूरच्या वारीतल्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, गोष्टी जुन्या माणसांकडून ऐकल्या असतील. गावोगावच्या मरीआईच्या देवळांमागे तीच भीती होती. कॉख डिसेंबर १८८३ मध्ये पटकीचा जंतू शोधत कोलकात्याला आला, तेव्हा बर्लिनहून सोबत उंदीर घेऊन आला होता. काही केल्या ते आजारी पडेनात. पूर्ण वाढलेल्या उंदराला पटकी होतच नाही. पुढची सत्तर वर्षं हा आजार नेमकं काय करतो हे धड कळलं नाही. मग कोलकात्यातच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी दाखवलं की जंतू काढून टाकून नुसतं गाळलेलं पाणी दिलं तरी आतडं फुगतं. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातलं पाणी आतड्यात ओतलं जातं. साधा ससा, साधा दोरा, तुटपुंजी साधनं. पण प्रश्न नेमका होता: अख्खी पटकी नको, फक्त आतड्याचं माप द्या.

दुसरं काम मुंबईचं. १८९६ साली प्लेग आला. आमच्या पणजीच्या तोंडी गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी होत्या, तो हाच काळ. वाल्डेमार हाफकिनने मुंबईत तीनेक महिन्यांत लस तयार केली, सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पण प्लेग पसरतो कसा, यावर भांडण चालू होतं. हवेतून? मातीतून? १९०५ पासून प्लेग आयोगाच्या लोकांनी प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडले. घरातल्या भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या आणि गिनिपिग प्लेगने मेले. मग पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेले प्राणी मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसूची उडी काही इंचांचीच. हवा तर दोन्ही पिंजऱ्यांत तीच होती. इतका सुंदर प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसरा रोनाल्ड रॉस. आपल्या शेजारच्या सिकंदराबादला १८९७ साली त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, पण पुढची साखळी त्याने १८९८ साली कोलकात्यात चिमण्यांवर पुरी केली. चिमण्यांचा मलेरिया वेगळा, त्यांचा डासही वेगळा. तरी डास चावल्याने रोग होतो हे तिथेच पक्कं झालं.

प्राण्याने कधी शास्त्रज्ञांना सपशेल चुकीच्या रस्त्याला लावलंय का?

पोलिओत. आणि त्यात आपल्याकडच्या माकडांचा संबंध येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिओचा अभ्यास ऱ्हीसस माकडांवर होई. या माकडाला विषाणू तोंडावाटे दिला तर सहसा काही होत नाही. नाकातून दिला तर मात्र तो थेट मेंदूकडे जातो. झालं, पोलिओ नाकातून शिरतो असा ग्रह वर्षानुवर्षं बसला. १९३७ साली टोरांटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला. पोलिओ थांबला नाही, वर काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. पुढे चिंपांझी आणि दुसऱ्या जातीच्या माकडांत दिसलं की पोलिओ तोंडावाटे शिरून आतड्यात वाढतो. 'दो बूंद' जिभेवर का टाकत होते, त्याचं मूळ इथे आहे. ऱ्हीसस माकडाने खोटं सांगितलं नव्हतं. परकराचं माप त्याच्याकडून घेतलं, ही टेलरची चूक.

नंतर पोलिओच्या लसीसाठी भारतातून हीच माकडं प्रचंड संख्येने परदेशी गेली. १९७८ साली सरकारने निर्यात बंद केली.

कोव्हिडची लस एवढ्या लवकर आली, मग प्राण्यांवर पाहिलीच नाही का?

पाहिली. व्हॉट्सॲपवर जे फिरत होतं ते खोटं. कोव्हॅक्सिन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत २० ऱ्हीसस माकडांवर आणि त्याशिवाय हॅमस्टरवर तपासली गेली. सुरुवातीचा कोव्हिडचा विषाणू साध्या उंदराच्या पेशीला चिकटतच नव्हता, कारण तो ज्या कडीला धरतो ती कडी उंदरात वेगळ्या आकाराची आहे. नशीब असं की सार्स या कोव्हिडच्याच कुळातल्या आधीच्या साथीनंतर, २००७ सालीच, माणसाची कडी बसवलेला उंदीर अमेरिकेत तयार झाला होता. तेरा वर्षं त्याला कुणी फार विचारत नव्हतं, २०२० साली त्याच्यासाठी रांग लागली. हॅमस्टरची कडी मुळातच जुळणारी निघाली.

प्राण्यांपासून येणारा आजार आणि ॲनिमल मॉडेल एकच ना?

नाही. कुत्रा चावून रेबीज होतो, तिथे कुत्रा आजार आणणारा. मॉडेल म्हणजे माणसाने मुद्दाम निवडलेला प्राणी. आणि लम्पी हा गुरांचा रोग, माणसाला होत नाही, तो दोन्हींत नाही. शेजारच्या कर्नाटकात १९५७ साली सापडलेल्या क्यासनूर जंगल तापात माकडं मरून पडली की माणसांना धोका जवळ आल्याचं कळतं. ती माकडं इशारा देणारी. तीन वेगळ्या भूमिका आहेत, घोळ होऊ देऊ नका.

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं द्यायचे. ती कुठून यायची?

वयस्कर मंडळी हे हमखास विचारतात, आणि विचारताना हात पोटाकडे जातो. ती लस रेबीज दिलेल्या मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. भारतात ती २००४ पर्यंत चालली. मेंदूचा अंश असल्याने क्वचित कुणाला लकव्यासारखा त्रास व्हायचा. इथे मेंढी मॉडेल नव्हती, कारखाना होती. आजची लस पेशींवर वाढवतात, दंडात देतात, मोजकेच डोस. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हळद-चुन्यात वेळ घालवू नका.

प्राण्यांना त्रास होत नाही का? कुणी विचारणारं आहे का?

त्रास होतो. नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

विचारणारं आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली केंद्राची देखरेख समिती आणि १९९८ चे नियम. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि आपली नैतिकता समिती नेमावी लागते. तिच्यात बाहेरची माणसंही बसतात. किती उंदीर, का, त्याहून कमीत भागेल का, वेदना कशी कमी करणार, प्राणी किती खालावला की प्रयोग थांबवून त्याला वेदनेशिवाय मरण देणार, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. प्राणी टाळा, कमी करा, त्रास हलका करा, हे सूत्र १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलं.

कागदावर हे छान दिसतं. मी होते तिथे एका एप्रिलमध्ये रात्री एसी बंद पडला. पहारेकऱ्याने रजिस्टरमध्ये नोंद केली आणि झोपला. सकाळी एका खोलीतले अर्धे उंदीर गेले होते. कुठलाही रोग नाही, नुसता उकाडा. ते मरण कुणाच्याच कामी आलं नाही. अजून आठवलं की पोटात कालवतं. नियम पाळणारा माणूस रात्री अडीच वाजता जागा हवा, एवढंच त्यातून शिकले.

संगणकावर किंवा चिपवर होत नाही का हे सगळं?

बरंच होतं आणि वाढतंय. माणसाच्या पेशींपासून आतड्याचा, फुफ्फुसाचा कणभर तुकडा वाढवता येतो. शंभुनाथ डे यांचा ससा आज कदाचित लागलाही नसता. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि आपण मार्च २०२३ मध्ये नियम बदलून औषधांच्या चाचणीत अशा पद्धतींना वाट दिली. कॉलेजात बेडूक कापणं तर २०१४ पासूनच बंद. त्याची मला बिलकूल खंत नाही.

पण ताप हा अख्ख्या शरीराचा कारभार असतो. जंतू फुफ्फुसात, त्याला मारणाऱ्या पेशी हाडांच्या मज्जेत, औषध फोडणारं यकृत भलतीकडेच. हे सगळं एका काचपट्टीवर अजून बसलेलं नाही.

उलट टोकाचीही उदाहरणं आहेत. प्लेग किंवा अँथ्रॅक्स माणसाला मुद्दाम देऊन औषध तपासता येत नाही, आणि रुग्ण इतके थोडे की चाचणीही उभी राहत नाही. अशा वेळी अमेरिकेत २००२ पासून नुसत्या प्राण्यांतल्या पुराव्यावर मंजुरी देण्याची सोय आहे. लिव्होफ्लॉक्सासिन या औषधाला प्लेगसाठी २०१२ साली अशीच, माकडांवरच्या प्रयोगावरून मंजुरी मिळाली.

"उंदरांवर शंभर टक्के यशस्वी" अशी बातमी आली तर काय समजायचं?

चहा प्या आणि बातमी पुन्हा वाचा. जंतू माणसाचा होता की शेजारचा? औषध आजाराआधी दिलं की नंतर? माणूस तर ताप येऊन चार दिवस झाल्यावर डॉक्टरकडे जातो. न दिलेला गट होता का? मोजणाऱ्याला कुठला पिंजरा कुठला हे ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर हात नकळत झुकतो, मीही त्यातून गेलेय. आणि बातमीत जातीचं, वयाचं, डोसचं नावच नसेल, तर ती पुढे पाठवू नका.

सोलापुरात असे प्रयोग करता येतील का?

नोंदणीकृत ॲनिमल हाऊस असेल तर साधे प्रयोग कुठेही करता येतात. टीबीसारखा हवेतून पसरणारा जंतू प्राण्याला द्यायचा तर तिसऱ्या स्तराची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. तिथली हवा आतच ओढली जाते आणि गाळूनच बाहेर सोडतात. त्याहून वरची, चौथ्या स्तराची, पुण्याच्या विषाणू संस्थेत आहे. शिवाय उंदरांना वर्षभर बावीस-चोवीस अंश हवेत. आपल्या मे महिन्यात ते टिकवायचं तर आधी जनरेटरची सोय पाहा.

घरात रोज पिंजऱ्यात उंदीर सापडतो. तो प्रयोगशाळेला दिला तर?

घेणार नाहीत. त्याच्या अंगात आधीच काय काय असेल, वय किती, जात कुठली, काहीच माहीत नसतं. पण हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वच्छ प्रयोगशाळेतल्या उंदरांची तुलना पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांशी केली. प्रयोगशाळेतल्यांची प्रतिकारशक्ती माणसाच्या नवजात बाळासारखी निघाली, दुकानातल्या मळक्यांची मोठ्या माणसासारखी. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तेव्हा स्वच्छ उंदीर काही मेले, आणि जे उरले त्यांची प्रतिकारशक्तीही मोठ्या माणसासारखी झाली. तेव्हापासून काही ठिकाणी मुद्दाम 'मळके' उंदीर तयार करून वापरतात.

तुमचा पिंजरा मात्र उघड्या हाताने उचलू नका, आणि उंदराच्या मुतात हात घालू नका. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. घुशी-उंदीर त्याचे जंतू अंगात बाळगून मजेत जगतात, स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. म्हणूनच त्या आजाराच्या अभ्यासाला उंदीर चालत नाही, हॅमस्टर लागतो.